राणीच्या झग्याचा रंग

झिला टेबट ही थॉर्नवेल गावातली सगळ्यात स्वच्छ बाई होती, यावर तिच्याशी न पटणाऱ्यांचंही एकमत होतं. तिच्या घराचा उंबरा खाण्याचं ताट ठेवता येईल असा असे. लग्नाआधी ती बुटांच्या कारखान्यात चामड्याचे वरचे भाग शिवायला जायची. तिथल्या बायका म्हणायच्या, की झिला मशीनला बसण्याआधी मशीन पुसते आणि उठल्यावर स्टूलही पुसते. हा गुण की खोड, हे मी ठरवत बसणार नाही. तिचं जे काही बिघडलं ते याच हाताने बिघडलं, एवढं खरं.

थॉर्नवेलच्या चौकात राणीचा क्रूस आहे. क्रूस नावालाच. वरचा खरा क्रूस कधीच पडून गेला, उरलाय तो तीन पुरुष उंचीचा कोरीव दगडी खांब. सातशे वर्षांपूर्वी एलेनॉर राणी उत्तरेकडे वारली. तिची शवपेटी लंडनला नेताना जिथे जिथे मुक्काम पडला तिथे राजाने असा एकेक खांब उभारला. आमच्या गावातल्या खांबाला तीन कोनाडे आहेत, आणि प्रत्येक कोनाड्यात एक दगडी राणी उभी आहे. एक बेकरीकडे बघते, एक चर्चकडे आणि एक टेबटांच्या दाराकडे.

खांबाखाली सात पायऱ्या आहेत आणि चौकात घरंही सात. कुणी ठरवलं देव जाणे, पण प्रत्येक घराची एक पायरी. शनिवारी सकाळी घरची बाई आपला उंबरा घासून झाला की तीच बादली घेऊन चौकात यायची आणि आपली पायरी घासायची. पायरी सासूकडून सुनेकडे जायची. टेबटांची पायरी सगळ्यात वरची, म्हणजे राणीच्या पायाशी. एकोणीसशे चौतीस साली झिला हेडली टेबटशी लग्न करून या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे केझाया टेबट यांनी, तिच्या हातात ब्रश दिला आणि बजावलं, "पायरीपर्यंतच पाणी. राणीला हात लावायचा नाही."

झिलाने विचारलं, का?

"मला नव्हता लावू दिला, म्हणून," केझाया म्हणाली. एवढं कारण तिला पुरेसं वाटलं होतं. झिलालाही एकोणीस वर्षं पुरलं.

मग त्रेपन्न साल आलं. जूनमध्ये नव्या राणीचा राज्याभिषेक होता. गावात कमिटी झाली, शाळेच्या हॉलमध्ये भाड्याचा टेलिव्हिजन येणार होता, बायका पताका शिवत होत्या. लोक दुरून येणार, क्रूसाच्या पायऱ्यांवर मुलांचा फोटो निघणार. त्या फोटोचा विचार करता करता झिलाने मान वर केली आणि दगडी राणीकडे पहिल्यांदाच घरातली वस्तू बघावी तसं बघितलं. धुराड्यांची काजळी, कबुतरांची घाण, खांद्यावर दगडफूल. तिला लाज वाटली. नवी राणी गादीवर बसतेय आणि आपल्या दारासमोरची जुनी अशी. चुलीतून काढल्यासारखी.

त्या शनिवारी सकाळी सहा वाजता, बाकीचा चौक अजून अंथरुणात असताना, तिने हेडलीची शिडी लावली. बादलीत धुण्याचा सोडा घेतला, सढळ हाताने. पिवळा साबण घेतला आणि ताठ केसांचा ब्रश. केझाया तेव्हा वारून आठ वर्षं झाली होती, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं.

बेकरीकडची आणि चर्चकडची राणी धुताना नुसती काळी घाण निघाली. त्या दोघींवर वारा-पाऊस थेट येतो. टेबटांच्या दाराकडची राणी खोल कोनाड्यात, आडोशाला. तिच्यावरचा काळा थर जाड होता. झिलाने तो सोड्यात भिजवला, घासला, आणि झग्याच्या चुण्यांमधून लाल निघालं.

आधी एका चुणीत, मग शेजारच्या. झग्याची कड उलटली होती, तिथे आतून हिरवं दिसलं. लालावर बोटाच्या पेराएवढे सोनेरी ठिपके होते. ठिपके म्हणजे पक्षी होते, चोच आणि शेपूट दिसण्याइतके. झिला शिडीवर थांबली. क्षणभर तिला ते सुंदर वाटलं, हे तिने पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पण तिच्या डोक्यात आलं ते असं, की कुठल्यातरी जुन्या निवडणुकीत टोळक्यांनी रंग फासलाय. आमच्याकडे निवडणुकीला असले उद्योग होत. तिच्या लहानपणी एकदा चर्चचं फाटक रातोरात निळं झालेलं तिने पाहिलं होतं. घाण ती घाणच, नक्षीदार असली म्हणून काय झालं? तिने आणखी सोडा ओतला आणि सगळं अंग लावून घासलं. लाल पाणी कोनाड्यातून ओघळून तिच्याच पायरीवर आलं. तीन बादल्या ओतून तिने पायरी धुतली. आठ वाजता मर्सी पँटर आपली पायरी घासायला बाहेर आली तेव्हा राणी ताज्या पावासारखी पिवळसर दिसत होती.

गाव खूश झालं. फोटो निघाला. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये नाव घेतलं. त्या वर्षभर झिला चौकातून चालायची तेव्हा तिची हनुवटी जरा वरच असे. मर्सी म्हणायची, "राज्याभिषेक लंडनला झाला, पण मुकुट हिलाच मिळाला." मर्सी शेजारच्या घरातली, सहाव्या पायरीची मालकीण. जिभेला धार, पण झिलासाठी काहीही करणारी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तिने केलंच.

तेरा वर्षं गेली. सहासष्ट साली लंडनहून मिस पेल नावाची तिशीतली एक बाई आली. जुन्या दगडी मूर्तींचा अभ्यास हा तिचा व्यवसाय. तिने लाकडी मचाण बांधवलं, भिंग घेतलं, आणि बारीक सुरीने चुण्यांमधली धूळ खरवडून कागदाच्या पुड्या बांधायला लागली. गावात खानावळ नव्हती, म्हणून ती झिलाकडे नऊ दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मर्सीही आली होती. टेबलावर शहाजिरं घातलेला केक होता, आणि मिस पेलने तो खाता खाता सहज सांगितलं, की त्या काळी अशा मूर्ती कोऱ्या ठेवत नसत. रंगवत. ओठ, केस, कपडे, सगळं. राणी कशी सजली होती ते आज कुणालाच माहीत नाही, कारण उरलेल्या एकाही क्रूसावर रंगाचा कण नाही. इथे आडोशाच्या कोनाड्यात सापडेल अशी तिला फार आशा होती.

"पण कुणीतरी सोडा लावून घासलंय हो," ती म्हणाली. "ब्रशचे ओरखडे दिसतात. कोण गाढव असेल कोण जाणे."

झिलाच्या हातातली किटली तशीच राहिली. तिला तिथेच कळलं. निवडणूक नाही, टोळकं नाही. शिडीवर उभं राहून तिने जे पाहिलं होतं ते साडेसहाशे वर्षं तिथे होतं, आणि एका सकाळी तिच्या बादलीत गेलं.

ती तोंड उघडणार तेवढ्यात मर्सी म्हणाली, "घासतंय कोण मेलं? पावसाचे ओरखडे असतील. आमच्याकडचा पाऊस तिरका लागतो."

मिस पेलने मर्सीकडे बघितलं, मग झिलाकडे. झिलाने चहा ओतला.

दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्या चौकाला कळलं होतं की लंडनच्या बाईला काय सांगायचं. बेकरीवाल्याने पाऊस सांगितला, शाळामास्तरांनीही पाऊसच सांगितला. राज्याभिषेकाचा फोटो शाळेच्या भिंतीवर होता, त्यात राणी लख्ख धुतलेली दिसायची; तो त्या आठवड्यात कपाटात गेला. कुणी बैठक घेतली नाही, कुणी शपथ घातली नाही. आपलं माणूस उघडं पडू नये एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. आमचं गाव तसं मायाळू आहे, आणि माझं मत विचाराल तर तिथेच ते चुकतं. घासलं कुणी हे त्यांनी लपवलं. रंग होता हे तर त्यांना माहीतच नव्हतं. ते फक्त झिलाला माहीत होतं, आणि एक सांगायचं तर दुसरंही सांगावं लागणार होतं. सगळा चौक खोटा पडणार होता, मर्सी सगळ्यात आधी.

मिस पेल आणखी सहा दिवस होती. रोज सकाळी झिला तिला अंडं उकडून द्यायची आणि ठरवायची, की आज सांगायचं. रोज संध्याकाळी ती भांडी घासत उभी असायची. निघताना मिस पेलने तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, की इतकं स्वच्छ घर तिने कुठे पाहिलं नाही. झिलाला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

दोन वर्षांनी चर्चमध्ये क्रूसाची माहिती-पुस्तिका विकायला ठेवली. त्यात मिस पेलच्या अहवालातून घेतलेलं वाक्य होतं: "रंगाचा कोणताही पुरावा आढळत नाही. हा क्रूस बहुधा मुळातच न रंगवता, साध्या दगडात ठेवला असावा." कुणा उत्साही माणसाने त्याला शेपूट जोडलं होतं, की दुःखी राजाला रंग नको झाले होते. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शाळेतली मुलं राणीचं चित्र काढायची ते करड्या खडूने. झिलाची पुतणी शाळेत शिकवायची. एकदा तिने तीस करड्या राण्या काकूला दाखवायला आणल्या. काकू सगळ्या बघून उठली आणि मागच्या अंगणात जाऊन वाळलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले.

हेडलीला तिने सांगितलं. हेडली कमी ऐकायचा आणि त्याहून कमी बोलायचा. तो सशांना पाला घालत होता. सगळं ऐकून म्हणाला, "मग सांग की त्या बाईला." आणि दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळला. इतकी सोपी गोष्ट नवऱ्याच्या तोंडून आल्यामुळे झिलाला भयंकर राग आला आणि तिने आणखी चार वर्षं घालवली. हेडली बहात्तर साली गेला.

त्यानंतर ती नव्या पाद्रीबाबांकडे गेली. तरुण होते, सुस्वभावी. ती बोलायला लागली आणि त्यांनी मान कलती करून डोळे मिटले, तेव्हाच तिला समजायला हवं होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, की तिचा हेतू शुद्ध होता आणि देवाने तिला केव्हाच क्षमा केली आहे.

"क्षमा नकोय मला," झिला म्हणाली. "पुस्तिकेत लिहा. लाल होता."

ते हसले आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. पुस्तिका संपल्या की बघू म्हणाले. पण पुस्तिका दोन हजार छापल्या होत्या, आणि थॉर्नवेलला वर्षाकाठी येणार ते कितीसे पाहुणे?

शेवटी त्र्याऐंशी साली, एकाहत्तराव्या वर्षी, तिने मिस पेलला पत्र लिहिलं. एका कागदावर, दोन्ही बाजूंनी. केलं काय, पाहिलं काय, गप्प का बसले. मर्सीचं नाव घातलं नाही. उत्तराऐवजी तिसऱ्या आठवड्यात मिस पेलच दारात उभी. केस पांढरे झालेले, हातात चपटी पेटी. झिलाने शिव्यांची तयारी ठेवली होती. मिस पेल म्हणाली, "मिसेस टेबट, मी तुमच्या टेबलावर बसून तुम्हालाच गाढव म्हटलं होतं. मला तेव्हाच संशय आला होता. मीही विचारलं नाही."

"विचारलं असतंस तर बरं झालं असतं, पोरी," झिला म्हणाली. "मी सांगितलं असतं." मग थोडं थांबून, "बहुतेक."

मिस पेलने पेटी उघडली. आत रंगवलेल्या लाकडी पट्ट्या होत्या, लालच्याच वीस-बावीस. त्या काळचे रंग कशाकशापासून करत त्यावरून बनवलेल्या. तिने समजावलं, की लाल म्हणजे एक लाल नव्हे. एक मातीचा, स्वस्त, खेड्यातल्या चर्चच्या भिंतीलाही लावत. एक शिशाचा, नारिंगीकडे झुकणारा. एक पाऱ्याचा, भडक, महाग, राजाघरचा. आणखी एक किड्यांपासून काढलेला, जांभळट. त्यांतला कोणता होता हे कळलं तर राणीला कोणत्या मानाने सजवलं होतं ते कळेल, कारागीर कुठले होते त्याचाही माग लागेल. जगात हे पाहिलेला दुसरा माणूस नाही.

झिलाने हात पुसले, चष्मा लावला. पट्ट्या टेबलावर मांडल्या होत्या. तिने पहिल्यांदा शिशाचा लाल उचलला. मिस पेलने तो लिहून घेतला, पट्ट्या गोळा केल्या, खालीवर केल्या आणि पुन्हा मांडल्या. यावेळी झिलाने मातीचा उचलला. तिसऱ्यांदा ती फार वेळ बसली, आणि पट्टी खिडकीशी नेऊन बघितली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. सगळ्यावर पातळ चहा सांडल्यासारखा पिवळा पडदा होता, हे तिने आजवर डॉक्टरांनाही नीट सांगितलं नव्हतं. त्यातून तीस वर्षं तिने तो लाल मनात इतक्या वेळा काढून पाहिला होता, की मूळचा कुठला आणि हाताळून झालेला कुठला ते तिचं तिलाच सांगता येईना. तिसऱ्यांदा तिने पाऱ्याचा उचलला.

मिस पेलने वहीत काही लिहिलं नाही. हळूच विचारलं, "हा शेवटचा लिहू का? तो सगळ्यात संभवनीय आहे. राणीला शोभेल."

झिलाने पट्टी खाली ठेवली. "शोभेल म्हणून नको लिहू. मला नाही ओळखता येत. सतरा वर्षांपूर्वी आला असता सांगता. तू याच खुर्चीवर बसली होतीस."

मग झिलाने तिला लिहायला लावलं. झगा लाल, कोणता लाल ते माहीत नाही. आतून हिरवा. सोनेरी पक्षी. एकोणीसशे त्रेपन्नच्या मे महिन्यात झिला टेबट हिने सोड्याने धुऊन काढला. नाव घालायचंच, अशी तिची अट होती. मिस पेल म्हणाली, नावाची काही गरज नाही.

"गरज आहे. नाहीतर कुणा म्हातारीला स्वप्न पडलं म्हणतील. जिने केलं तिनेच पाहिलं, म्हणून खरं मानायचं."

पुढच्या वर्षी नवी पुस्तिका आली. कोऱ्या दगडाचं आणि दुःखी राजाचं वाक्य गेलं होतं. त्या जागी होतं: "एका ग्रामस्थाच्या आठवणीनुसार एका मूर्तीवर लाल रंगाचे अंश एकेकाळी दिसत असत." हिरवा नाही, पक्षी नाहीत, सोडा नाही, नाव नाही.

झिला पुस्तिका घेऊन थेट मर्सीच्या स्वयंपाकघरात गेली. मर्सी तेव्हा चर्चच्या कमिटीवर होती आणि बटाटे सोलत होती.

"आम्हीच काढलं," मर्सी म्हणाली. "मिस पेलने सगळं पाठवलं होतं. पन्नास वर्षं या चौकात घासतेयस, बये, आणि तुझ्या मागे काय उरावं? हिने राणी बिघडवली? माझ्या हाताने नाही ते छापलं जाणार."

"अगं, पण मीच बिघडवली."

"म्हणून काय गावभर सांगायचं?"

झिलाला भांडायचं होतं, पण समोर मर्सी रडत होती आणि हातातली सुरी काही थांबत नव्हती. झिला बटाट्यांची सालं कचऱ्याच्या बादलीत टाकून घरी आली.

मग दर शनिवारी ती आपली पायरी घासून झाली की चर्चमध्ये जायला लागली. दाराजवळच्या टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा असे. ती पेन काढून एकेक उघडायची आणि 'एका ग्रामस्थाच्या' यावर काट मारून वर लिहायची: झिला टेबट, चौक क्रमांक सात, हिने धुतला. चर्चच्या सेवकाने दोनदा पाहिलं आणि बघायचं सोडून दिलं. समासात 'हिरवा' लिहायची, 'पक्षी' लिहायची. 'लाल' या शब्दाशी मात्र दर वेळी पेन अडायचं. तिथे आणखी एक शब्द हवा होता, कसला लाल ते सांगणारा. ती टोक कागदावर टेकवायची, टोकाखाली शाईचा ठिपका पसरायचा, आणि ती पुस्तिका मिटून पुढची घ्यायची. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती वारली, तोवर एकशे चाळीसेक झाल्या होत्या. त्यांतल्या काही अजून लोकांच्या घरी असतील. प्रत्येकीत त्या शब्दाच्या पुढे शाईचा डाग आहे.